नावावरचं कुंकू

सकाळी पुन्हा तेच. मथुरानं प्रांजलीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. गुरुजींचं नाव पुन्हा काळं पडलं होतं.

"पुसलं बग परत," ती म्हणाली. "काल संध्याकाळी माझ्या हातानं लाल केलं होतं. सगळ्या पानांवर. वर्गातल्या पोरांनापण बसवलं होतं."

प्रांजली केस विंचरता विंचरता वाकून बघायला आली. पुण्याची पोर, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, बंगळूरच्या बनशंकरीत मथुराच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. गल्लीत इंटरनेट होतं ते तिच्याच खोलीत.

"काकू, एन्कोडिंगचा प्रॉब्लेम असणार. तिकडचा सर्व्हर कलरचा टॅग उडवतोय. एवढं टेन्शन नका घेऊ."

"तुझ्या सर्व्हरला सांग, दुसरं काय उडवायचं ते उडव. ह्या माणसाच्या नावावरचं कुंकू उडवू नको."

"पण काकू, नाव वाचता येतंय ना? मग कलरचं काय एवढं?"

कोरियातल्या देगू शहरातल्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर उद्या सकाळी सुरी चालणार होती, आणि त्याचं नाव इथं रोज पुसलं जात होतं. हे पुण्याच्या पोरीला कसं सांगायचं?

मथुरा माने कोरियन शिकवते हे ऐकून लोक हसायचे. मान्यांचे पूर्वज घोड्यावर बसून इकडं आले ते परत गेलेच नाहीत. तीनशे वर्षांत घरातली मराठी कन्नडात अशी मुरली, की महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला ती लोणच्यासारखी लागायची, ओळखीची पण जिभेला झोंबणारी. असल्या घरातली सून, शिक्षण मॅट्रिक आणि टायपिंग, तिला कोरियन कुठून आलं?

आलं ते रागातून. चिकपेटेतल्या एका रेशमाच्या पेढीत ती टायपिस्ट होती. कोरियाचे खरेदीदार यायचे, सोफ्यावर बसून कापड चिमटीत धरायचे, आपसांत काहीतरी बोलायचे आणि खो खो हसायचे. मालक त्यांच्याबरोबर हसायचा. टेबलामागं बसलेल्या मथुराला ते झोंबायचं. कापडाला हसतात, मालकाला हसतात, का मला? एकदा एक खरेदीदार लेकरासाठी घेतलेलं शाळेचं वाचन-पुस्तक विसरून गेला. मथुरानं ते घरी नेलं. वर्षभरानं तो परत आला, तेव्हा तिनं चहा पुढं करत त्याच्याच भाषेत विचारलं, "साखर किती घालू?" त्या माणसाचं हसू तोंडातच राहिलं.

पुढं पेढी बंद पडली. होसकोट्याकडं कोरियन लोकांचा एक कारखाना आला, मग आणखी एक. नोकरी शोधणारी पोरं विचारत विचारत बनशंकरीला येऊ लागली. मथुरानं हॉलमधला दिवाण भिंतीला लावला आणि वर्ग सुरू केला. पोरं तिला अक्का म्हणायची.

जोडकोश प्रांजलीच्या डोक्यातून निघाला. एक ज्ञानकोश, पण छापलेला नव्हे, इंटरनेटवरचा. बंगळूरच्या पोरांनी आपल्या गावाबद्दल कोरियनमधून पानं लिहायची, देगूच्या लोकांनी त्यांच्या गावाबद्दल सोप्या कोरियनमधून. ज्याच्याकडं पासवर्ड त्यानं कुणाच्याही पानात शिरावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, भर घालावी. जुनं पुसून नवं तेवढं राहायचं. कुणी काय बदललं, कधी बदललं, याचा माग राहायचा नाही. हे सगळं चालायचं देगूच्या एका कॉलेजातल्या मशीनवर. तिथल्या लायब्ररीत काम करणारी मिग्यॉंग नावाची बाई ते सांभाळायची.

मिग्यॉंगचे वडील बेक दालसू. शाळेतून निवृत्त झालेले भाषेचे मास्तर. पोरीनं एकदा गंमत म्हणून बंगळूरची पानं दाखवली, आणि म्हातारा त्यातच रमला. बेळ्ळंदूरच्या तळ्याचं पान त्यांनी एवढं दुरुस्त केलं, की मूळ लिहिणाऱ्या पोराचे चारच शब्द उरले. बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या उलट्या सालीत दिवे लावतात, या पानाखाली त्यांनी लिहिलं होतं, "साल उलटी का? कारण न सांगता पान संपवू नये." मथुरा देवळात जाऊन पुजाऱ्याचं डोकं खाऊन आली होती. दीड वर्षात तिनं त्यांच्याकडून जे घेतलं, ते पंधरा वर्षांच्या खटपटीत मिळालं नव्हतं. ना कधी पाहिलेला, ना कधी आवाज ऐकलेला हा माणूस तिचा गुरू झाला. ती त्यांना सॉनसेंग्निम म्हणायची. गुरुजी म्हणायचं तर तिकडं तसंच म्हणतात.

आणि मग मिग्यॉंगची मेल आली होती. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, काही दिवस ते पानं बघू शकणार नाहीत, क्षमा असावी.

मथुरानं ती मेल सासूला मराठीत करून सांगितली. चंद्राबाई देव्हाऱ्यापुढं वाती वळत होत्या.

"त्यांचं नाव कुंकवानं लिही की," चंद्राबाई म्हणाल्या.

मान्यांच्या घरची ती जुनी चाल. घरातला माणूस लांब मुलखात गेला किंवा दुखण्यात पडला, की त्याचं नाव देव्हाऱ्याजवळच्या पाटावर कुंकवाच्या पाण्यानं लिहायचं. तो बरा होईपर्यंत ते पुसू द्यायचं नाही. मथुराचे सासरे दवाखान्यात होते तेव्हा फरशी पुसणाऱ्या बाईचा ओला हात पाटावरून फिरला. त्याच आठवड्यात ते गेले. चंद्राबाईंनी त्या बाईला शब्दानं बोल लावला नाही, पण त्यानंतर देवघराची फरशी त्या स्वतःच पुसत.

"पाटावर कशाला?" मथुरा म्हणाली होती. "त्यांचं नाव जिथं आहे तिथंच लिहिते."

जोडकोशातलं पान दुरुस्त केलं, की गुरुजी मास्तरकीच्या सवयीनं तळाशी आपलं नाव लिहायचे. प्रांजलीनं रंग कसा द्यायचा ते दाखवलं. मथुरानं गुरुजींचं नाव लाल केलं. दुसऱ्या दिवशी ते काळं. परत लाल केलं. परत काळं. मिग्यॉंगला विचारावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बाप आजारी, त्या पोरीला रंगाचं कसलं विचारायचं? ते बरं दिसत नाही. म्हणून ती गप्प राहून लाल करत राहिली. जीव जास्त घाबरला की अक्षर स्वल्प मोठं करायची.

आजपण तिनं तेच केलं. खुर्ची ओढली, एकेका पानात शिरली, नाव लाल केलं, ठळक केलं. एक पान प्रिंट करून देव्हाऱ्यात ठेवायला खाली नेलं. दुपारी वर येऊन बघते तर पानच उघडेना. कॉम्प्युटर पासवर्ड मागायचा, दिला की नाही म्हणायचा.

प्रांजली ऑफिसला गेली होती. मथुरानं तिला फोन लावला.

"पासवर्ड चेंज केलाय कुणीतरी," प्रांजली म्हणाली. "तिकडूनच. काकू, हा एन्कोडिंगचा प्रॉब्लेम नाही. कुणीतरी मुद्दाम आपल्याला बाहेर काढलंय."

मथुरानं रिसीव्हर ठेवला. मुद्दाम. म्हणजे नावपण कुणीतरी मुद्दाम पुसत होतं? आजारी माणसाच्या नावावरचं कुंकू रोज हातानं पुसणारं असं कोण असेल?

दाराशी चप्पल वाजली. युनबाई आली होती. होसकोट्याच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरची बायको, मथुराकडं बाजारापुरतं कन्नड शिकायची. ती हसत आत आली, कन्नडात खुशाली विचारत "हेगिद्दीरा अक्का?" म्हणाली आणि देव्हाऱ्यासमोर थबकली. तिचं लक्ष त्या कागदावर गेलं होतं.

"हे गुरुजी वारले?" तिनं हळूच कोरियनमध्ये विचारलं.

मथुराचा जीव उडाला. "काय बोलता! उद्या ऑपरेशन आहे त्यांचं."

"जिवंत आहेत?" युनबाईनं कागद उचलला आणि लगेच उलटा करून ठेवला. चटका बसल्यासारखा. "मग हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही?" युनबाई दोन पावलं मागं सरली. मग मथुराच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. "अक्का, आमच्याकडं मेलेल्या माणसाचं नाव लाल लिहितात. जिवंत माणसाचं लाल लिहिलं, तर त्याचं मरण चिंतलं असं होतं. शाळेतलं लेकरूसुद्धा लाल पेननं मैत्रिणीचं नाव लिहीत नाही. तुम्ही एवढं कोरियन शिकवता, तुम्हाला हे ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? वाचन-पुस्तकात नव्हतं. कोशात नव्हतं. जे प्रत्येक लेकराला ठाऊक असतं, ते कुणी पुस्तकात लिहीत नाही.

मथुरानं तो उलटा कागद उचलून पदराखाली घेतला. सगळ्या पानांवर. रोज. मोठ्या अक्षरात. पोरांकडून करवून घेतलं. आणि तो माणूस दवाखान्यात.

"अय्यो देवा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

चंद्राबाई आतून आल्या. "काय झालं मा? कशापायी रडतीस?"

"आत्या, आपण त्यांना मारायला निघालो होतो."

प्रांजलीच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. मथुरा चपला घालून कोपऱ्यावरच्या बूथवर धावली. तिकडं संध्याकाळ उलटून गेली असणार. काचेच्या खोक्यात शिरून तिनं मिग्यॉंगच्या मेलखालचा नंबर फिरवला. लागला नाही. परत फिरवला. बाहेर एक माणूस लवकर आटपा म्हणून काचेवर बोटं वाजवत होता, "बेगा माडी मेडम." तिनं त्याच्याकडं पाठ केली.

"यॉबोसेयो," तिकडून बाईचा थकलेला आवाज.

मथुरानं नाव सांगितलं.

"आपण फोन करायला नको होता," मिग्यॉंग म्हणाली. शब्द आदराचे होते, आवाज बर्फाचा.

"एकच गोष्ट सांगायची आहे."

"वडिलांनी आपलं काय वाईट केलं? चुका जास्त काढल्या म्हणून? पहिल्यांदा मला वाटलं, परक्या देशातली बाई आहे, चुकली असेल. वयानं मोठी आहे, तिला कसं बोलायचं? मी गुपचूप काळं केलं. दुसऱ्या दिवशी परत लाल. मी पुसत गेले, तुम्ही मोठं करत गेलात. आज तर..."

"मला वाटलं, मशीन रंग खातंय."

"काय?"

मथुराला सगळं कोरियन एकदम सोडून गेलं. कुंकवाला त्या भाषेत शब्द नाही. कपाळाला लावतो ती लाल पूड, असं काहीतरी ती बोलली. देवाजवळचा पाट, आजारी माणसाचं नाव, ते जपायचं, पुसू द्यायचं नाही. क्रियापदं कुठल्या कुठं गेली. आदराचे प्रत्यय गळून पडले. सासऱ्यांचं सांगितलं, ओल्या हाताचं सांगितलं. मग म्हणाली, "रोज सकाळी ते पुसलेलं दिसायचं. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"तुम्हाला लाल बघून जे वाटायचं तेच."

बूथमधल्या मीटरची घरघर तेवढी चालू होती. मग मिग्यॉंगनं फोनवर हात ठेवला असावा. दबकं बोलणं ऐकू आलं, एक खोकला, आणि मग एक बारीक, कोरडा आवाज.

"मथुरा?"

ती बूथमध्ये उभ्याउभ्या वाकली. कुणाला दिसणार नव्हतं, तरी वाकली.

"तुझा आवाज असा जाडाभरडा असेल असं वाटलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "लिहितेस फार नाजूक."

"सॉनसेंग्निम, आपण ते पाहिलं?"

"पाहिलं. पोरीनं लपवलं, पण मी मास्तर आहे. लपवलेलं मला आधी दिसतं."

"आपल्याला भीती वाटली?"

"चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की ह्या सगळ्या खुळ्या समजुती. आणि आता झोप लागत नाही." धाप लागली होती, तरी ते हसले. "तू आता सांगितलंस ते मी शेजारून ऐकलं. वाक्यं भयंकर होती. पण कळलं. कोशात लाल रंगाचं पान नाही. असतं तर तिघांची झोप वाचली असती. लिही. तुमचं तू, आमचं मिग्यॉंग. मला आत नेण्याआधी वाचायचं आहे."

"लिहिते. आणि आपलं नाव? ते लाल..."

"मिग्यॉंग लॅपटॉप घेऊन रात्रभर माझ्या उशाशी बसणार आहे. तिला ज्यात धीर वाटेल तसं राहू दे."

म्हणजे काळं. ऑपरेशन होईपर्यंत, उद्या ते टेबलावर असतील तेव्हापण काळं. मथुरानं डोळे मिटले आणि कन्नडातच होकार देत म्हणाली, "सरी." मग दचकून कोरियनमध्ये म्हणाली, "होय, सॉनसेंग्निम."

प्रांजली लवकर घरी आली. पासवर्ड परत चालू झाला होता. मथुरा लिहायला बसली. मोडेम दोनदा किंचाळून गप्प झाला, तिसऱ्यांदा लागला. पाटाचं लिहिलं, कपाळाचं लिहिलं, लग्नपत्रिकेवरच्या लाल अक्षरांचं लिहिलं. बटण दाबलं. पान परत उघडलं तर तिचं एकही अक्षर नाही. मिग्यॉंगचा मजकूर होता फक्त.

"दोघींनी एकाच वेळी सेव्ह केलं," प्रांजली म्हणाली. "तिचं नंतर गेलं, तुमचं उडालं. काकू, परत लिहावं लागेल."

"उडालं म्हणजे? एवढं सगळं?"

"सगळं. आधी तिला मेल टाका, थांब म्हणावं. खाली इथला फोन नंबरपण द्या. पाळीपाळीनं करा."

मथुरानं कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी तिनं लग्नपत्रिका गाळली. सासऱ्यांचं लिहिलं, जे आधी लिहायला धजली नव्हती. तोवर मिग्यॉंगची मेल आली, "मी थांबले आहे. सावकाश लिहा." मथुरानं बटण दाबलं. पान उघडलं. वर तिचं, खाली मिग्यॉंगचं. मिग्यॉंगनं आपल्या भागात लिहिलं होतं, की तिच्या आजीनं तिला लहानपणी लाल खडूनं स्वतःचं नाव लिहिताना पाहिलं आणि हातावर चापट मारली, त्या चापटीपलीकडं तिला कुणी कारण सांगितलेलं नाही.

थोड्या वेळानं पान बदललं. मथुराचं एक वाक्य दोन झालं होतं. बाकी कशाला हात लावला नव्हता. तळाशी गुरुजींचं नाव होतं, काळ्या अक्षरात.

सकाळी चंद्राबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर आल्या. या खोलीत त्या कधी आल्या नव्हत्या. पोरं दारात गोळा झाली होती, आज शिकवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मथुरा पडद्यासमोर बसून होती. प्रांजलीनं ऑफिसला दांडी मारली होती.

"तिकडं आत नेलं असणार एव्हाना," मथुरा म्हणाली.

"नाव कुठलं त्यांचं?" चंद्राबाईंनी चष्मा पुढं ओढला. मथुरानं बोट ठेवलं. म्हातारी बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. "काळंच आहे की."

"हौ."

"तुझा हात जवळ आहे. एक बटणच ना?"

"आत्या, नको."

"काकू, आता खरंच करू का?" प्रांजलीनंही विचारलं. "त्यांना आता कुठं दिसणार आहे? झालं की परत काळं करू."

मथुराची बोटं बटणांवर होती. एक पान, फक्त एक. मिग्यॉंग दवाखान्यात, तिला कोण सांगणार? मग तिला वाटलं, ती पोरपण तिथं लॅपटॉपवर हेच पान उघडून बसली असेल तर? तिनं हात मांडीवर घेतले आणि एकात एक गुंतवले.

"शब्द दिलाय मी."

चंद्राबाई पलंगाच्या काठावर टेकल्या. पुटपुटत काही म्हणत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "लेकराला तीट काळीच लावतो की आपण. नजर लागू नये म्हणून. गळ्यातले मणीपण काळेच." स्वतःलाच समजावल्यासारखं. "असू दे काळं. तीट समज."

मथुरानं सासूकडं पाहिलं. या बाईच्या गळ्यात आता काळे मणी नव्हते. तिनं चंद्राबाईंचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

पान बदलत नव्हतं. प्रांजली दर थोड्या वेळानं ते ताजं करायची. तेच पान यायचं, वरून खाली हळूहळू उतरत. एकदा लाइन तुटली, सगळे एकदम ओरडले. परत जोडली. दारातला एक पोरगा म्हणाला, "अक्का, उशीर होतोय म्हणजे..." आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

दुपार कलली, ऊन खिडकीतून आत आलं. पान परत उतरू लागलं. मथुराचं लिहिणं, मिग्यॉंगचं लिहिणं, आणि त्याखाली आज नवीन ओळी.

मथुरा खुर्चीवरून उठली. वाकून वाचू लागली. खोलीत दुसऱ्या कुणाला एवढ्या लवकर वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?" चंद्राबाई म्हणाल्या.

मथुरा वाचतच होती. ओठ हलत होते.

"अगं मथुरे, काय लिहिलंय सांग की! आहे का माणूस?"

"आहे," मथुरा म्हणाली. "आहेत. ऑपरेशन झालं. अजून बोलत नाहीत. पोरीनं हात धरला तर त्यांनी दाबला म्हणे." पुढची ओळ तिनं दोनदा वाचली, आणि मग एकदम कंबरेला पदर खोचला. "प्रांजली, बंद कर ते. बंद कर लवकर."

"का? काय झालं?"

"तुझा मोडेम फोन अडवून बसलाय. मिग्यॉंग म्हणते, लिहून पुरत नाही, तिला बोलायचं आहे. ती इकडं फोन लावते आहे. बंद कर, लाइन मोकळी सोड."